रेवाचं रक्त नको

मंगळवार, दिवेलागण

शवागारातला देह बेपत्ता दादाचाच का, हे ठरवायला रक्त हवं होतं. रेवाने बाही वर केलीसुद्धा. मी तिला मागे ओढलं. "माझं घ्या. मी सख्खी बहीण."

हवालदार म्हणाला, "बेटी का होना, अम्मा." मुलीचंच हवं म्हणे.

दादाने तिला दत्तक घेतलंय, हे तिला ठाऊक नाही. आणि तपासणीचा निकाल सरकारी संगणकात कायमचा राहणार. तिथे कोण बघेल, कोणाला सांगेल?

हटून बसले, तेव्हा माझंच घेतलं. रेवाची बाही अजून वरच.

"आत्या, मुलगी मी आहे ना त्यांची? एवढंही करू देणार नाहीस?"

"गप्प बस," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ऑटोत घरी, अंबरपेठेपर्यंत, ती तोंड फिरवून रडत होती. जवळ घेतलं नाही. घेतलं असतं, तर सगळं बोलून गेले असते.