नियम चौदावा : साडी, पदर पिनेसह

पिपरी मेघे, वर्धा
शुक्रवार, २८ जानेवारी २००५

तीर्थरूप कौशल्यामावशीच्या पायाशी अंजूचा एका हाताचा नमस्कार. (दुसरा हात प्लास्टरात हाये. डावा. घाबरू नको, लिवाचा हात शाबूत हाये.)

तुहे गुडघे कसे हायेत? मावसाजीचा खोकला बसला का? वांग्यावर अळी आलती म्हणे, गेली का? आमचं बरं हाये. आई गेल्यापासून घरात मी अन् बाबा दोघंच, त्यात बाबा दिवसभर किराणा दुकानात, म्हणून भांडाले कोणी नाई अन् बोलालेही नाई. अक्षर मुद्दाम मोठं काढून राह्यली, काऊन का तू चवथी शिकलेली, अन् तुहा चष्मा नातवानं फोडला हे मले रूपराव कंडक्टरनं सांगतलं. तरी कोणाकडून वाचून घेऊ नको, हळूहळू तूच वाच. हे पत्रही रूपरावच्याच हाती देऊन राह्यली. पोस्टात टाकलं तं कारंज्याले मंगळवारी पोचन, अन् माही फाशी सोमवारी हाये.

फाशी म्हणजे अशी. तुले माहीत हाये, मी शिक्षणसेवक म्हणून लागली. तीन वर्षं मुकाट्यानं राबाचं, अन् मंग संस्थेनं ‘बाईचं काम समाधानकारक’ असा कागद जिल्हा परिषदेत पाठवला का आपण कायम. नाई पाठवला तं आपण घरी. माही तीन वर्षं येत्या गुरुवारी, तीन फेब्रुवारीले पुरी होतात. अन् संस्थेच्या अध्यक्षायनं, अण्णाजीनं, कळवलं का सोमवारपासून बाई साडी नेसून आल्या तरच कागद जाईल. शिकवणं कसं हाये, पोरं पास होतात का, ते कोणी इचारलं नाई. साडी! तीन वर्षाचा हिशेब सहा वारात.

आता तू म्हणशीन, नेसून घे ना व बाई, एवढं काय त्यात. तं ऐक.

आमच्या शाळेच्या स्टाफरूममधी एक फळा हाये. त्यावर नियम लिवले हायेत, खडूनं नाई, पांढऱ्या पेंटनं, म्हणजे पुसाचा प्रश्नच मिटला. मी लागली तेव्हा अकरा होते, आता एकोणीस झाले. पोरायच्या पटापेक्षा नियमायचा पट भराभर वाढून राह्यला. नियम चवथा : वर्गात शिक्षकानं बसू नये. (म्हणून खुर्च्याच उचलून नेल्या. त्या आता अण्णाजीच्या मंगल कार्यालयात हायेत, तिथं वऱ्हाडी बसतेत.) नियम सातवा : मस्टरवर सही निळ्या शाईनंच. काळी झाली का गैरहजर. मी सहामाहीत एक दिवस काळी सही करून आठी तास शिकवलं, तो दिवस कागदावर मी शाळेत नव्हतीच. नियम बारावा : आवारात शुद्ध भाषेतच बोलाचं. पोरगं ‘सर, मले मुतायले जाऊ द्या’ म्हणते, त्याले आधी शुद्ध करून घ्या लागते, तोवर चड्डी ओली. अन् नियम चौदावा : शिक्षिकांनी साडीच नेसावी, पदर पिनेसह. मंग पुरुषायसाठी काय? नियम पंधरावा : शिक्षकांचा पोशाख नीटनेटका असावा. बस, एवढंच. आमचे पी.टी.चे सर गालात तंबाखूचा खर्रा धरून, खिशावर त्याचा लाल डाग घेऊन परिपाठाले उभे राहतेत, ते नीटनेटके. (आपल्या जिल्ह्यात दारूबंदीचाही नियम हाये, अन् तो कोण पाळते ते तुले मावसाजीच्या भावापासून माहीत हाये. मले तं वाटते, नियम फक्त बायायलेच लागू होतेत, बाकीच्यायच्या अंगावरून ते पाण्यासारखे वाहून जातेत.)

एक गोष्ट सांगते, तुले राग येईन. नियम नववा : पोरीयच्या दोन वेण्या, लाल रिबिनी, शनिवारी पांढऱ्या. आठवीत रंजिता म्हणून एक पोरगी हाये. डिसेंबरात ती रोज एकच वेणी घालून ये, तीही वाकडी. मी तिले इचारलं नाई. एका शनिवारी मी तिले झेंड्याच्या खांबापाशी उभं केलं, दोन तास. मंग नत्थूनं, आमच्या चपराश्यानं, सांगतलं का तिची माय पहाटे भाजी तोडाले जाते, अन् घरात वेणी घालून देणारं दुसरं कोणी नाई. मी तिले वर्गात बोलावलं, पण माफी काही मागतली नाई. मॅडमनं पोरीची माफी मागाची, असा नियम नाई ना फळ्यावर. मले आताशी तिचं तोंड लय आठवते.

तं आता माहं पडणं. केळझरले यष्टीतून उतराचं, गणपतीले लांबूनच हात जोडाचा, अन् हारवाल्याच्या दुकानामागं ठेवलेली सायकल काढून कच्च्या रस्त्यानं सव्वा कोस शाळेत जाचं, हे माहं रोजचं. अकरा तारखेले धुकं असं होतं का सायकलचा हँडल दिसे ना. चैनकव्हर दिवाळीतच निंघालं, बाबायनं ते तारेनं बांधून देलतं. (बाबायची तार अन् बाबायचा शब्द, दोन्ही प्रेमाचे, टिकत नाईत.) उशीर झालता, मी जोरात पायडल मारले, अन् नाल्यावरच्या रपट्याच्या उतारावर निऱ्या चैनीत गेल्या. साडी गुंडाळत गेली, गुंडाळत गेली, अन् पदर काही सुटे ना, काऊन का तो पिनेसह. साधा खांद्यावर टाकला असता तं सरकला असता. मी दगडावर पडली, वरून सायकल पडली, अन् आम्ही दोघी एकाच साडीत बांधलेल्या. मनगट तेव्हाच कडकन वाजलं. कमरेपासून मांडीपर्यंत सोलून निंघालं. पंधरा मिनिटं मी तशीच पडून होती, अन् खरं सांगते मावशी, मनात काय येऊन राह्यलं होतं? का पहिली घंटी झाली असन.

वांगे तोडाले जाणाऱ्या दोन बाया आल्या म्हणून सुटली. त्याइनं इळ्यानं साडी कापली. अर्धी चैनीत राह्यली, अर्धी माह्या अंगावर. एकीनं डोक्यावरचं पोतं माह्या कमरेले गुंडाळलं अन् म्हणाली, “लाजू नको वं बाई, पोतं धुतलेलं हाये.” त्या पोत्यात मी दवाखान्यात गेली. तिकडं नत्थूनं शाळेत जाऊन सांगतलं का अंजू मॅडमचा हात मोडला, तं आमचे हेडमास्तर बंडूजी सर खुर्चीतून उठले (त्यायची खुर्ची हाये) अन् म्हणाले, “अरे, मंग मस्टरचं काय?” लाल शाईनं गैरहजर लिवलं. शाळेच्या फाटकापासून दोन वावरं अलीकडं पडली, हा माहा दोष. आत येऊन पडली असती तं हजर धरलं असतं.

डॉक्टरनं सहा आठवडे सांगतले. माह्या रजा या शनिवारी संपतात. अन् आली सव्वीस जानेवारी. झेंडावंदनाले गैरहजर राह्यलं तं तो वेगळाच गुन्हा, म्हणून मी गेली. अन् गेली ती चॉकलेटी पंजाबी ड्रेस घालून, ओढणीले दोन्हीकडून पिना लावून. हे मी ठरवून केलं, मावशी. तत्त्व म्हणून केलं. म्हटलं, ज्या साडीनं हात मोडला ती मी परत नेसणार नाई, जाऊ दे काय जाते ते. अण्णाजी भाषण करून राह्यले होते, का या दिवशी आपल्याले राज्यघटना भेटली, प्रत्येकाले आपल्या मर्जीनं जगाचा हक्क भेटला, अन् तेवढ्यात त्यायची नजर माह्यावर पडली. हक्क तिथंच अर्धवट राह्यला. खाली उतरून ते मले काही नाई बोलले, बंडूजी सरायले इचारलं, “ह्या कोण? गावात पाहुण्या आल्या का कोणाकडं?” तीन वर्षं झाली, दरसाल त्यायच्या वाढदिवसाले पोरायकडून गाणं मीच बसवून घेते. हाताचं प्लास्टर त्यायले दिसलं नाई, सलवार दिसली.

मी बंडूजी सरायपाशी गेली. म्हटलं, सर, नियमात नुसतं साडी लिवलं हाये, मंग नऊवारी चालन का? माही कारंज्याची मावशी नऊवारीचा काष्टा मारून भाजीची पाटी मागं बांधून सायकल चालवते, चाळीस वर्षांत तिचं लुगडं कधी चैनीत गेलं नाई. तं सर हसले अन् म्हणाले, “मॅडम, ते कामवाल्या बायांचं. आपण शिक्षक आहोत.” शुद्ध भाषेत म्हणाले. मी तिथं बोलाले पायजे होतं. माह्या तोंडात शब्द आलता, का ज्या दोघीनं मले सोडवलं त्या अशाच काष्टा मारलेल्या होत्या, अन् तुम्ही ‘आपण शिक्षक’ लोक मस्टर शोधून राह्यले होते. पण गुरुवारचा कागद डोळ्यापुढं आला अन् मी गप्प बसली. तुह्याविषयी असं कोणी बोललं अन् मी ऐकून घेतलं, हे तुले सांगाले पायजे म्हणून सांगतलं. तुले मारावं वाटलं तं मारजो.

सत्तावीसले सकाळीच मेमो आला : “आपण राष्ट्रीय सणाच्या दिवशी संस्थेच्या परंपरेस न शोभणारा वेश परिधान केल्याचे निदर्शनास आले आहे. खुलासा सादर करावा.” मी काय गप्प राहते का? खुलासा लिवला, चार पानं. खुर्च्यांपासून खर्ऱ्यापर्यंत सगळं घातलं. शेवटी लिवलं, का पोशाख हा माहा हक्क हाये अन् हाड हे माहं हाये. दुकानात नेऊन बाबायले वाचून दाखवलं. त्यायनं तराजू खाली ठेवून पुरं ऐकलं, गिऱ्हाईक उभं होतं त्यालेही ऐकाले लावलं. मंग म्हणाले, “लय मस्त लिवलं अंजू. पाठवू नको.”

पण मी ठरवलं हाये. सोमवारी मी तोच चॉकलेटी ड्रेस घालून जाणार. कायम करा नाईतर करू नका. आई असती तं तिनंही हेच म्हटलं असतं. (नसतं म्हटलं. ती म्हणली असती, नेसून घे. पण मेलेल्या माणसाचं नाव असं वापरता येते, तेवढी एक सोय हाये.) मावसाजीले नमस्कार, नातवाचा कान माह्या वाटचा एकदा पिरगाळजो.

तुही कोणाले न ऐकणारी,
अंजू

ता. क. खुलासा पाठवला नाई. काल दुपारीच बंडूजी सरायनं नत्थूच्या हाती तयार माफीनामा टाईप करून पाठवला. ‘माझ्या हातून घडलेल्या चुकीबद्दल दिलगीर आहे, ३१ पासून साडीत हजर राहीन.’ नत्थू केळझरवरून यष्टीनं आलता, त्याले रिकामं कसं पाठवाचं? मी सही केली. निळ्या शाईनं. नत्थूनं चहा घेतला, कागद घडी करून खिशात ठेवला, अन् जाईपर्यंत माह्याकडं पाह्यलं नाई. वर लिवलेलं खोडत नाई, लिवून लय बरं वाटलं होतं.

ता. क. दुसरं. सव्वीस तारखेचं तत्त्व-बित्त्व काही नव्हतं, मावशी. मी साडीच काढली होती. एका हातानं निऱ्या घातल्या, त्या दातात धरल्या, खोचाले गेली का सुटे. परत घातल्या. परकराची नाडी सोललेल्या जागी काचे, तं सैल केली, तं सगळीच खाली. दोन तास असं केलं. शेजारच्या देवकाबाईले बोलावलं असतं, पण ती जखम परक्या बाईपुढं उघडी कराले नाई झालं माह्यानं, अन् तिच्यापाशी गेलेली गोष्ट दुपारी नळावर असते. बाहेरून बाबा म्हणत होते, “गाडी जाईन व.” मंग दारापाशी येऊन हळूच म्हणाले, “मी डोळे मिटून निऱ्या धरू का?” मी नाई म्हटलं अन् खाली बसून रडली. अन् मंग तो ड्रेस घातला.

सोमवारी सहा दहाची गाडी हाये. प्लास्टर निंघाले अजून साडेतीन आठवडे हायेत. तुहा वांग्याचा तोडा हाये, सोमवारचा बाजार हाये, मले सगळं समजते. तरी रविवारच्या सांजच्या गाडीनं येजो. बाबायनं इचारलं तं सांगजो, सहजच आली.