वाढणारा हात कोणाचा होता

प्रिय पप्पा,

तुमच्या स्मरण उपासनेत मी एक गोष्ट चुकीची सांगितली. सगळ्या मंडळीसमोर मी म्हणाले, "पप्पा दर रविवारी परक्या माणसाला घरी जेवायला आणायचे आणि स्वतःच्या हाताने वाढायचे." लोकांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत तेच वाक्य पुन्हा घेतलं.

पण तुम्ही कधी वाढलंच नाहीत, पप्पा. हे मला मागच्या रविवारी कळलं, तेही मम्मीने ऐकवल्यावर. तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेल्यावर मी पहिल्यांदाच तुमचं काम करायला निघाले होते. चर्चहून परत येताना तुमच्यासारखीच सरकारी हॉस्पिटलच्या गेटपाशी गाडी थांबवली. तिथे रेशमबाई भेटल्या. झाबुआकडच्या एका खेड्यातल्या. नवऱ्याचा पाय मोडलाय, तो वॉर्डात आणि या बाहेर ओट्यावर. मी त्यांना मागे बसवून विजय नगरला, आपल्या फ्लॅटवर आणलं. किती खूश होते मी स्वतःवर!

मी पोळ्या करायला घेतल्या तशा त्या उठून आत आल्या. "लाओ बेन, मैं बेल दूँ."

"नहीं नहीं, आप बैठिए. आप मेहमान हैं."

पाहुण्याला काम कसं सांगायचं, असं वाटलं. पण फक्त तेवढंच नव्हतं. त्यांनी हात धुतलेत का, हेही माझ्या मनात येऊन गेलं. तुमच्यापासून काय लपवू?

त्या परत बाहेर जाऊन बसल्या. मी वाढत राहिले. भाजी घ्या, वरण घ्या, अजून एक पोळी घ्या. दोन घास खाऊन त्या थांबल्या आणि ताटाकडे बघत म्हणाल्या, "बेन, हम माँगने वाले नी हैं." मग हात धुऊन निघाल्या. गाडीवर सोडते म्हटलं, तर म्हणाल्या, "बस पकड़ लूँगी."

दार लागल्यावर मम्मी म्हणाली, "तुझे पप्पा पाहुण्याला कामाला लावायचे, पण जेववून पाठवायचे. तू आराम देऊन उपाशी पाठवलंस."

"कामाला?"

"विसरलीस का? वरणाचं पातेलं नेहमी पाहुण्याच्या पुढ्यात असायचं. तो आपल्याला वाढायचा. तूच तर चिडवायचीस, आपल्याकडे पाहुणाच वाढपी म्हणून."

मग सगळं आठवलं. तुम्ही ताट पुढे करून म्हणायचात, "भिया, थोडा हमको भी दो." रस्त्यावर मान खाली घालून बसलेला माणूस पळी हातात आली की ताठ व्हायचा. आपल्याला आग्रह करायचा. एकाने तर तुम्हालाच दटावलं होतं, "साबजी, इतने में क्या होगा? पूरा खाओ!" तुम्ही किती हसला होतात.

मला तेव्हा लाज वाटायची. एकदा विचारलंही होतं, पाहुण्याकडून का करून घेता? तुम्ही म्हणालात, बायबलात प्रभूने विहिरीवर एका परक्या बाईकडे आधी स्वतः पाणी मागितलं होतं. द्यायची गोष्ट नंतर निघाली. मी मान हलवली आणि सोडून दिलं. अक्षरओळखीपासून सगळं घरात तुमच्याकडेच शिकले, आणि हेच नेमकं कसं सुटलं? तेव्हा नीट समजावून का नाही हो सांगितलंत? की सांगितलंत, आणि मीच ऐकलं नाही?

मंडळीसमोर चूक दुरुस्त करीन. पण रेशमबाई मंडळीत नाहीत. आपल्या प्रभूच्या नावाने ज्या घरात आणलं, तिथेच त्यांना भिकारी ठरल्यासारखं वाटलं, आणि ते मनात घेऊन त्या गावी जातील. काल वॉर्डात चौकशी केली. नवऱ्याला सोमवारी घरी सोडणार आहेत. त्यांच्यासमोर जायचा मात्र धीर झाला नाही, तशीच परतले.

त्यांच्याकडे करतात तशी मक्याची रोटी हातावर थापायला मला येत नाही, मम्मीलाही नाही. पीठ आणून ठेवलंय. त्यांना घरी चला म्हणेन, आणि म्हणेन, मला शिकवा. त्या नको म्हणतील, तोंड फिरवतील, तसं होऊ शकतं. तरी मी विचारणार आहे, पप्पा. रविवारची वाट बघणार नाही. उद्या जाते, शनिवारी.

तुमची,
सलोमी