आजीची पहिली मुलगी

नागभीड, शनिवार, माघ महिना, १९५६

आज दुपारी ब्रह्मपुरीच्या बसनं पांढऱ्या केसांची एक बाई आली. दारातच उभी राहून आईला म्हणाली, "मी तुही मोठी बहीण. माय गेली म्हून आता समजलं मले."

आजीला जाऊन तीन महिने झाले. पहिला नवरा वारल्यावर तिनं आजोबांशी पाट लावला, एवढं मला ठाऊक होतं. पण दोन वर्षांची मुलगी तिला त्या घरी ठेवून यावी लागली, हे आज कळलं. आईला तरी ठाऊक होतं का? चेहऱ्यावरून नाही वाटलं.

मावशीनं एकच विचारलं, "मायनं कधी माहं नाव काढलं का?"

आई म्हणाली, "रोज काढे, बाई."

मावशी पदरात तोंड घालून रडली. राहा म्हटलं तरी राहिली नाही, संध्याकाळच्या बसनं परत गेली.

तिचा तो प्रश्न मनातून जातच नाही. शेवटी आईला विचारलं, "आजी खरंच नाव काढायची?"

"नाई. एकदाबी नाई." आईनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "मी लहान होती तवा मार्कंड्याच्या जत्रेत मात्र माय दरसाल एका पोरीले दुरून पाहे आन रडे. काऊन रडतेस पुसलं तं म्हणे, डोळ्यात धूळ गेली."

"मग हे मावशीला का नाही सांगितलंस?"

"ते पोरगी कोन होती, हे आत्ता समजलं मले."