नवव्या मैलावरचा नाला

बाबा, परवा मी नोकरीतून मोकळा झालो. गळ्यात हार घालताना साहेब म्हणाले, "यांनी ही नोकरी शर्यतीत धावून मिळवली." सगळे हसले, मीही हसलो, आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, तरी जन्मभर लोकांची पत्रं तुम्हीच वाहिलीत.

पाठीवर डाकेची थैली, हातात घुंगरांची काठी, आणि एटापल्लीच्या वाटेवर रोज सात मैल जंगल. लहानपणापासून मी तुमच्या मागे पळायचो. तुमचे नियम दोनच. वांदर झाडावरून खाकरलं की वाघ हलला समजायचं, झाडाला पाठ लावून उभं राहायचं, ते गप्प होईतो पाय उचलायचा नाही. आणि सोबत्याचं घुंगरू मध्येच बंद पडलं तर मागे फिरायचं, थैली पडली तरी चालेल. यातला पहिला नियम मला तेरा मैलांच्या शर्यतीत नडला. पहिल्या तिघांना फॉरेस्टात गार्डाची नोकरी मिळणार होती. तुमचे गुडघे तेव्हा रोज सुजत होते. नोकरी लागली की तुमची काठी काढून घ्यायची, असं मी ठरवून टाकलं होतं. नवव्या मैलावर, नाल्यापाशी, मी दुसरा होतो. वरून वांदर खाकरलं आणि माझे पाय आपोआप थांबले. मी सागाला पाठ लावून उभा, आणि चांद्याची शहरी पोरं माझ्याकडे बघून दात काढत पुढे चालली आहेत. त्यांना त्या आवाजाचा अर्थच ठाऊक नव्हता. मी अकरावा आलो.

घरी आलो तेव्हा तुम्ही गुडघ्यांना मोहाचं तेल चोळत होतात. मी पेटलेलाच होतो. म्हणालो, "तुमच्या भेवानं मले हरवलं." तुम्ही रागावला नाहीत. "थांबला तं बरंच केलं," एवढंच म्हणालात. मग दुसऱ्या गुडघ्याला तेल लावत, "पन तू पयल्या मैलातच दम संपवते. चढावर काऊन पळते? चढ चालाचा, उतार पळाचा." वर्षभर तुम्ही मला तसं पळवलंत. पहिले तीन मैल तुमच्या मागेच राहायचं, पुढे गेलो की काठी आडवी. मला ते बैलासारखं जुंपल्यागत वाटायचं, चिडायचो, पण पावसाळा संपेतो तेरा मैल मला जड जाईनासे झाले. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मी विचारलं, पुन्हा वांदर खाकरलं तर? तुम्ही म्हणालात, "नाल्यापाशी मी उभा राह्यतो. घुंगरू वाजवून वाघाले दूर ठेवतो. तू थांबू नोको."

दुसऱ्या वर्षी नवव्या मैलावर मी चौथा आहे. दम शाबूत आहे. नाला दिसायच्या आधीच घुंगरू ऐकू येतं, आणि वर वांदरं, एक नाही, पाच-सहा, खाकरताहेत. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे, काठी जोरजोरात आपटताय. तुमचं लक्ष माझ्याकडे नाही, पलीकडच्या बांबूकडे आहे. मी तुमच्यासमोरून पळत गेलो. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "चाल, चाल."

मी तिसरा आलो. अंधार पडेपर्यंत तुम्ही आला नाहीत. सकाळी माणसं ढोल बडवत नाल्यावर गेली, तेव्हा काठी रस्त्यावर मिळाली आणि तुम्ही बांबूच्या आत, जेवढे मिळालात तेवढे.

आईने मला एकदाच विचारलं, "तुले काई ऐकू आलं होतं का रे?" मी म्हणालो, "नाई." तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी गार्डाचा खाकी सदरा अंगात घातला. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हा कागद मी उद्या चुलीत घालीन, पोरांच्या हाती लागायला नको. पण तुम्हाला सांगायचंय. मी नाल्यापुढच्या वळणावर पोचलो तेव्हा मागचं घुंगरू बंद पडलं. मला ते स्पष्ट कळलं, आणि त्याचा अर्थही कळला. पण तिसरा गडी माझ्यापुढे हातभरच होता, आणि तो थकला होता.