गाडीच्या पोटाखालची लाईन

१२ जानेवारी

माझ्या हायड्रॉलिक पाईपच्या दुकानाबाहेर ऊसतोडीचं मशीन उभं, पाईप फुटून सगळीकडं तेल, ड्रायव्हरची घाई – आणि वीरूभावजी मधेच आपली पांढरी गाडी घुसवतात! डिकी उघडून दाखवली. आत निळी बाटली, पट्ट्यांनी आवळलेली. नायट्रसचा गॅस. इंजिनात सोडला की गाडी काही सेकंद पिसाळल्यासारखी पळते म्हणे. पुढच्या महिन्यात कर्नाटकात एका जुन्या धावपट्टीवर ड्रॅग रेस आहे. सरळ चारशे मीटर, पहिला पोचेल तो जिंकला.

"वहिनी, बाटलीपासनं इंजिनापतोर लाईन तुमी टाका. पाईपातलं तुमास्नी कळतंय तेवढं पलूसात कुणाला न्हाई."

"तुमच्या दादांना विचारलं का?"

"दादा तिकडं पठाणकोटला फौजेत. त्यो व्हय म्हणतोय व्हय?"

नाही म्हणून सांगितलं. मशीनच्या नव्या पाईपाला टोकं दाबून बसवायला घेतली तर माप चुकलं. वीतभर कमी कापला. असं कधी होत नाही माझ्याकडून.

१३ जानेवारी

ह्यांना फोनवर सांगितलं. एकदम चिडले. "त्याच्या गाडीला हात लावू नको. तू हात लावलास म्हणजे घरानं परवानगी दिल्यागत हुतंय."

पटलं मला.

१६ जानेवारी

भावजींनी लाईन नानासोकडून टाकून घेतली. नानासो म्हणजे त्यांचा मित्र, गाड्यांना टेप आणि लाईट बसवतो. दाखवायला आणली होती गाडी. मुद्दाम आणली असणार.

खाली वाकून बघितलं. सायलेन्सरचा पाईप गाडीच्या मधल्या खोबणीतून मागं जातो – त्याच खोबणीतून, त्याला खेटून, ही लाईन. प्लॅस्टिकच्या टायनं बांधलेली. सायलेन्सर तापला की ते टाय वितळणार. लाईनीत मशीनच्या पाईपासारखं प्रेशर, वरून उष्णता. आणि पुढं बॅटरीच्या टोकाला जवळजवळ टेकलेली. लाईनीवरचं विणकाम स्टीलचं. एकदा टेकली तर शॉर्ट होऊन लालभडक तापेल आणि फुटेल.

"जवळचा रस्ता हाय वहिनी," नानासो म्हणाला.

 दिवसभर दुकानात आत-बाहेर करत राहिले. माझ्याकडं फुटलेले पाईप येतात. कुठं घासला, कुठं भाजला, कुठं जास्त वाकवला, बघितल्या बघितल्या कळतं. पण ते फुटल्यावर. हा अजून फुटलेला नाही, आणि मला आत्ताच दिसतोय.

हात लावला तर मी सामील. नाही लावला तर?

१७ जानेवारी

लावला हात. ह्यांना सांगितलं नाही.

भावजींकडून एक कबूल करून घेतलं. गॅस फक्त धावपट्टीवर. तासगाव रस्त्यावर नाही, बायपासला नाही, मित्रांना दाखवायला तर अजिबात नाही. ती बाटली रेसच्या दिवसापर्यंत माझ्या दुकानात राहील. "व्हय" म्हणाले, पण नजर चुकवून.

२१ जानेवारी

लाईन पूर्ण नवी टाकली. सायलेन्सर मधे, पेट्रोलची नळी उजवीकडं, म्हणून मी डाव्या अंगानं गेले, तळाच्या पत्र्याच्या दुमडीत, रस्त्यावरचा दगड लागणार नाही अशी. थोड्या थोड्या अंतरावर रबर लावलेल्या लोखंडी पट्ट्या, स्क्रूनं. पत्र्यातून जाते तिथं भोकाला रबराची रिंग, नाहीतर पत्र्याची धारच कापते. वळण मोठं ठेवलं. इंजिन हलतं म्हणून पुढं थोडी ढील. बॅटरीपासून लांब. बाटली तापून गॅस सुटलाच तर तो गाडीत न राहता खाली बाहेर जावा म्हणून वेगळी नळी.

भावजी टॉर्च धरून सगळं बघत होते. 

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "हाताला काय लागलंय?" ग्रीस होतं. नखातून निघतच नाही.

२ फेब्रुवारी

चूक झाली. माझीच.

भावजी टायर बदलून आले. टायरवाल्यानं जॅक लावला तो नेमका माझ्या लाईनीवर. दुमडीच्या शेवटी जॅकची जागा आहे, तिथून मी लाईन नेली होती. चपटली आहे, अंगठ्याच्या पेराएवढी. चालून गेली असती असं भावजी म्हणतात. चालत नाही. चपटलेला पाईप मी मशीनवाल्याला परत देत नाही, भावजींना कसा देऊ?

अख्खी लाईन काढली. नवीन, जॅकपासून आतल्या बाजूनं. दुपारचं जेवण राहिलं. राग भावजींवर काढला, नंतर वाईट वाटलं.

४ फेब्रुवारी

ह्यांना सांगून टाकलं. आता राहवेना.

 म्हणाले, "कुठनं नेलीस लाईन?" सांगितलं. "बॅटरीजवळ?" नाही. "जॅक?" तेही सांगितलं. मग म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

ह्या "बरं"चा अर्थ लागत नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

९ फेब्रुवारी

रेसला मीही गेले. सासूबाईंना मिरजेला मावशीकडं म्हणून सांगितलं.

गाड्या तपासणारा माणूस खाली झोपून बघत होता. तीन गाड्या परत पाठवल्या त्यानं. आमच्या गाडीखालून उठला, हात झटकले, "जावा."

पहिली फेरी नीट झाली. दुसरीत गाडी अर्ध्यावर असताना खालून ठिणग्यांचा झोत. सायलेन्सरचा पाईप मधूनच निखळला होता, तापलेला, जमिनीवर आपटत, फरफटत. मी कठड्याला धरून उभी. 

गाडी थांबली. भावजी उतरले, हेल्मेट काढलं आणि तिथंच खाली बसले. 

खाली वाकून बघितलं. मधली खोबण काळीठिक्कर, पत्रा ओरबाडलेला. नानासोनं लाईन नेली होती ती जागा. डाव्या बाजूची लाईन जशीच्या तशी.

"वहिनी," भावजी म्हणाले, "बास आता. मला न्हाई जमायचं."

परत येताना कृष्णेच्या पुलावर गाडी थांबवायला लावली आणि दोन मिनिटं नुसती उभी राहिले.

११ फेब्रुवारी

ह्यांनी रेसचा व्हिडिओ मागवला. धाडला. रोज फोन येतो आणि रोज तोच विषय. किती सेकंद लागले, गॅस कधी सोडला, पाईप का निखळला. कोर्टात उभी केल्यागत वाटतंय. सुट्टीला आले की काय ते एकदाच बोलतील.

१८ फेब्रुवारी

भावजींनी गाडी विकली. गिऱ्हाईक कोण ते सांगत नाहीत. मला काय करायचंय? गेली, सुटले. आज दोन मशीनचे पाईप दाबले, दोन्हीचं माप बरोबर.

२२ फेब्रुवारी

ह्यांचा फोन.

"गाडी मी घेतली. लाईन काढू नको अंकिता. मला एकदा चालवायची हाय."

हातातला पाईप खाली ठेवला. 

मग म्हणाले, "ऐकतीयास न्हवं?"

"भावजींपेक्षा तुम्ही उंच," मी म्हटलं. "सीट मागं घ्यावी लागेल."