डाव्या हाताला हिरवं दार

३ जून
ती. दादास सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. अंग ठणकतंय, पण तक्रार नाही. ज्या रस्त्यावर तू अठ्ठावीस वर्षं बस चालवलीस, त्याच रस्त्याने मला आपल्या गावाला मिरवत नेलंस. आता पूल, आता चक्की, आता डाव्या हाताला आपल्या घराचं हिरवं दार, असं वळण यायच्या आधीच सांगत होतास, मान तिरकी करून, ऐटीत!

पण बाजारातल्या नव्या दुभाजकावर गाडी सरळ चढवलीस की रे. ब्रेक लागला नाही म्हणालास. मेकॅनिक काय म्हणाला? पंधरापासून नातीला रोज शाळेत सोडणार आहेस, म्हणून विचारते.

पाय दुखतात म्हणून तू उतरला नाहीस, तेव्हा मी घराचा फोटो काढला होता. सोबत पाठवतेय. कसा वाटला कळव.

लोभ असू दे, गाडीवर आहे त्याहून थोडा जास्त.
तुझी चिमणी

७ जून
चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

चष्मा कुठे ठेवला कोण जाणे, म्हणून पत्र नातीकडून वाचून घेतलं. आजोबांनी गाडी आपटली हे वाचताना कार्टीला काय आनंद झाला! ब्रेक दुरुस्त झालेत. उगाच बाऊ करू नकोस.

फोटो तेवढा एकट्याने, सावकाश पाहिला. दार अजून तसंच हिरवं, वर आईने लावलेली वेल. डोळे भरून आले.

शाळेचं म्हणशील तर सून सातलाच कामावर निघते, मग मी नाही सोडणार तर कोण? मी या घरात नुसती खुर्ची अडवायला बसलेलो नाही.

माया तशीच ठेव, उपदेश कमी कर.
दादा

१० जून
ती. दादास नमस्कार.

हे पत्र नातीकडून वाचून घेऊ नकोस. मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलंय.

दादा, फोटोत घर नाहीये. घर पाडलंय. तिथे नुसतं पत्र्याचं कुंपण आहे. तू हिरवं दार म्हणालास तेव्हाच मला शंका आली होती. खात्री करायला फोटो पाठवला. फसवलं तुला, माफ कर.

अख्खा रस्ता तू आठवणीने चालवलास. पूल जागच्या जागी होता म्हणून आपण वाचलो. शाळेच्या रस्त्यावर पोरं असतात रे, ती कुठूनही धावत येतात. सुनेला खरं सांग आणि किल्ली तिच्या हातात दे. चौदापर्यंत दिली नाहीस तर मी तिला फोन करीन. मग जन्मभर अबोला धरलास तरी चालेल.

रागावलेली, त्याहून जास्त घाबरलेली,
तुझीच चिमणी

१४ जून
चि. चिमणीस आशीर्वाद.

मी सांगतोय, नात लिहितेय. तुझं पत्रही तिनेच वाचलं. भिंग लावून खूप झटलो, शेवटी हरलो आणि तिला हाक मारली. पहिली ओळ वाचून ती थांबली. पुढे वाचू का विचारलं. मी हो म्हटलं.

वर्षभर लपवलं. कडेचं दिसतं, मधलं पुसल्यासारखं झालंय. शेवटचं एकदा चालवायचं होतं, आणि तो रस्ता तरी मला चुकवणार नाही असं वाटलं. तुझा जीव धोक्यात घातला, त्याची फार लाज वाटते.

किल्ली सुनेकडे दिली. उद्या नात आणि मी शाळेला अर्धा तास आधी चालत निघणार. गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, तू ये.

घर पाडल्याचं मात्र तिथेच सांगायचं होतंस गं. मी त्या दाराला हात केला होता.
दादा

ता. क. आत्याआजी, हे माझं मी लिहितेय. आजोबा माझ्याकडे मान तिरकी करून बघायचे. मला वाटायचं गंमत करतात, म्हणून मी पण करायचे. आता मी त्यांच्यासमोर बसत नाही, बाजूला बसते. तिथून मी त्यांना दिसते.