चिडाखालची माती

छत्रपती संभाजीनगर,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझी मातीची पिशवी मिळाली. शिलाँगहून इथवर ती अशी दाबून आली होती की पोस्टमननं "चहापत्ती हाय का?" म्हणून विचारलं. आम्ही ठीक. आईचे गुडघे तसेच आहेत, तोंडही तसंच. घरून फोन केला की ती शेजारी येऊन बसते, म्हणून पत्र लिहितोय.

प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर रोज आपल्याकडचीच काळी माती येते. गंगापूरची, बिडकीनची. चिकट, चुनखडीनं भरलेली, एकदा धरलं की न सोडणारी. तुझी माती बघायला सगळे उठून आले. वर बोटभर काळपट पाचोळा, चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, सुया अर्धवट कुजलेल्या, आणि खाली धुतल्यासारखी करडी रेती. मुठीत दाबली तर गोळा होत नाही. पाणी ओतलं तर थांबत नाही, आणि जाताना असेल नसेल ते सत्त्व घेऊन जातं. सामू पाचच्याही खाली, म्हणजे चांगलीच आंबट. चुना जवळजवळ नाहीच. तिथल्या झाडांना हेच मानवतं, ती त्यात सुखानं वाढतात. पण तू लावलंस ते आबांच्या बांधावरच्या पिंपळाचं रोप. त्याला हे खाणं नवं आहे, पानं पिवळी पडतात ती त्यामुळंच. उपटू का, असं तू विचारलंस. उपटू नकोस.

आबांचा पहिला स्मृतिदिन पुढच्या महिन्यात आहे. आई म्हणते, कडुबा काकांना बोलवायचं नाही. का, ते तुला कुणी सांगितलेलं नाही.

आबांच्या रक्षेचं मडकं दोन दिवस बिडकीनला काकांच्या घरी होतं. तू तिथूनच ड्युटीसाठी निघालीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बांधावर खड्डा केला. आईनं मडकं उचललं आणि तिथंच थांबली. "हे हलकं कसं झालं?" रक्षा नदीत सोडायची नाही, झाडाच्या मुळाशी घालायची, हे आपल्या घरात आबांनीच सुरू केलेलं. आजीच्या वेळी मात्र काका पैठणला गोदावरीत सोडायची म्हणून अडून बसले होते आणि आई ते विसरलेली नाही. "अर्धी गंगंत नेऊन सोडली यानं. याचं मन अजून तिथंच हाय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. काका एवढंच बोलले, "वहिनी, म्या मडक्याला हातबी लावला नाय."

तेव्हापासून बोलणं बंद आहे. गेल्या महिन्यात काका बिडकीनच्या स्टँडवर भेटले. आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. घरी चला म्हटलं, तर म्हणाले, "तिनं बोलावलं की यीन." मला फार वाईट वाटलं.

आता खरं लिहितो. परवा मी कामावर असताना तू फोनवर सहज विचारलंस, लाकडाची राख घालू का, की हाडांची जास्त चांगली? ताई, इतकी वर्षं मातीचे नमुने तपासतोय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी बघून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला. मग तू पाठवलेला रोपाचा फोटो पुन्हा उघडला. मागं खिडकीत स्टीलचा डबा आहे, त्याच्यावर आईचं नाव घातलेलं आहे. त्या डब्यासाठी तिनं वर्षभर घर डोक्यावर घेतलंय. फोटो मी तिला दाखवलेला नाही. तुला उलटा फोन करून बोलायचंही मला जमलं नाही.

तू का नेलीस ते मी विचारत नाही. मला सुचलं असतं तर मीही थोडी ठेवून घेतली असती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. हाडांची राख चांगली. तिच्यात चुना असतो, स्फुरद असतं, आणि तुझ्या मातीत दोन्हीची कमी आहे. पण एकदम घालायची नाही. तिच्यात क्षारही असतात, आणि रेताड माती काही धरून ठेवत नाही. चमचाभर घ्यायची, कुजलेल्या पाल्यात कालवायची, खोडापासून वीतभर लांब घालायची आणि थांबायचं. नवं पान हिरवं आलं की पुन्हा चमचाभर. इथल्या मातीला आबांची तशी गरज नव्हती, तिला चुना आधीच जास्त झालाय. तिथं ते कामाला येतील. नुसतं डब्यात बसून राहणं त्यांना जमायचं नाही.

त्याआधी आईला फोन कर. मी सांगितलं तर काकांना वाचवायला काहीतरी रचतोय असं तिला वाटेल. तूच सांग. ती बोलेल, रडेल, ऐकून घे. मग तिला घेऊन बिडकीनला जायचं काम माझं.

तुझा,
राजेंद्र

ता. क. डबा रिकामा झाला की स्वच्छ धू. पाठवू नकोस, घेऊन ये.